वळवात घराचं नुकसान झालं तर काय कसं करायचं: करंट, पडलेलं झाड, कौलं-पत्रे आणि कटर मशीन

एप्रिल-मे आला की आपल्याकडं, बेळगाव असूदे, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंबी असूदे, दुपारपर्यंत नुसती उकडहंडी आणि चारच्या पुढं आभाळ काळं करून वळीव येतो, अर्धा-पाऊण तासच असतो पण तेवढ्यात कुणाचे पत्रे उडाले, कुणाच्या गोठ्यावर फांदी पडली, कुठं पोल वाकला असं होतंच. आणि मी एवढी वर्षं बघतोय, वादळ चालू असताना माणूस घरात असतो म्हणून सहसा वाचतो, हातपाय मोडतात ते नंतर. पाऊस थांबला की लगेच कोणतरी लुंगी वर बांधून ओल्या कौलावर चढतो, कोणतरी रस्त्यात पडलेली वायर काठीनं बाजूला सारतो, कोणतरी शेजाऱ्याचं झाड कापायचं कटर मशीन (चेनसॉ) मागून आणतो आणि आयुष्यात पहिल्यांदा चालवतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. यात एकच गोष्ट डोक्यात ठेवा, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे चुकवायचं नाही.

पहिलं काम करंट. घरात पाणी आलंय, भिंत ओली झालीय, पोलवरून घरात येणारी सर्व्हिस वायर लोंबकळतेय, यातलं काहीही असलं तर मेन स्विच बंद. पण मेन स्विचचा बोर्डच ओला असेल किंवा तुम्ही पाण्यात उभे असाल तर हात लावायचा नाही, सरळ १९१२ ला फोन लावून हेस्कॉमला, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीला सांगायचं, आणि गावच्या लाईनमनचा नंबर तर प्रत्येकाकडं असतोच, त्यालाबी करायचा. तुटून पडलेली वायर दिसली तर ती मेलेली आहे असं कधीच धरायचं नाही, लाईट गेलीय म्हणून वायरीत करंट नाही असं काही नसतं, सबस्टेशनातनं फीडर, म्हणजे गावाकडं येणारी लाईन चालू केली की तीच वायर परत जिवंत होते, किंवा कुणाच्या घरातल्या जनरेटरचा करंट उलटा येतो. निदान ३० फूट लांब थांबा, पोरांना, गुरांना तिकडं सोडू नका. जमीन ओली असेल तर वायरीच्या आजूबाजूच्या मातीतबी करंट पसरलेला असतो, त्यात लांब टांग टाकली तर दोन पायांच्या मधल्या फरकानं झटका बसतो, म्हैस-बैल अशानंच जातात कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायात अंतर जास्त. तुम्ही चुकून जवळ गेलाच असाल तर पाय न उचलता, घासत घासत, बारीक पावलं टाकत मागं या. आणि काठीनं वायर सारायचं तर डोक्यातच आणू नका, ओला बांबू करंट देतो.

घरात लाईट परत आल्यावर सुद्धा जरा लक्ष ठेवा. एका खोलीतला बल्ब भगभगीत पेटतोय आणि दुसरीकडं मंद, असं दिसलं तर न्यूट्रल तुटलाय किंवा सैल झालाय, लगेच मेन बंद करायचा नाहीतर फ्रीज, टीव्ही, मोटरीचा स्टार्टर सगळं एकदम जळतं. भिंतीला किंवा नळाला हात लावला की झिणझिण्या येतायत? तेबी तसंच, मेन बंद आणि वायरमन. ज्यांच्या घरी अजून आरसीसीबी नाही त्यांनी या वर्षी ३० मिलीअँपिअरची बसवूनच घ्या, माणसाला करंट लागला तर ती क्षणात बंद होते, साधी एमसीबी हे काम करत नाही, तिचं काम वायर जळू नये एवढंच. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातनं एकदा दाबून बघायचं, खटकन पडली पाहिजे. अर्थिंगचा खड्डाबी उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा.

जनरेटर असेल तर तो पडवीत, खोलीत, गॅरेजात लावायचा नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न येता माणूस मारतो. बाहेर उघड्यावर, खिडक्यांपासून लांब ठेवा. आणि चेंजओव्हर स्विच (घराची वायरिंग लाईनपासून तोडून जनरेटरला जोडणारा) नसताना घराच्या सॉकेटात उलटा करंट सोडायचा नाही, पोलवर चढलेला लाईनमन त्यानं जातो.

दुसरं काम फोटो. होय, साफसफाईच्या आधी फोटो. आपली माणसं काय करतात, सकाळी उठून अंगण झाडून, फुटकी कौलं एका कोपऱ्यात रचून, झाड तोडून, सगळं चकाचक करतात आणि मग तलाठी आला की दाखवायला काहीच नसतं. चारी बाजूंनी, आतून वरचं छप्पर दिसेल असे, भिंतीला गेलेली चीर जवळून आणि लांबून, भिजलेलं धान्य, गाद्या, मोटर, मेलेलं जनावर असेल तर कानातल्या बिल्ल्यासकट, सगळ्याचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढा ज्यात घराचा नंबर किंवा दारासमोरचा रस्ता दिसेल. कागदाच्या गोष्टी पुढं सांगतो.

आता पाऊस परत यायच्या आत ताडपत्री टाकायची. ताडपत्री भोकाएवढी कापून टाकू नका, ती आढ्याच्या पलीकडं निदान तीन-चार फूट उतरली पाहिजे, नाहीतर वरून आलेलं पाणी ताडपत्रीच्या खालनंच आत येतं. कडेला रीप गुंडाळून घ्या आणि ती रीप वाशाला बांधा, नुसते दगड ठेवून भागत नाही, पुढच्या वाऱ्यात तेच दगड खाली कुणाच्या तरी डोक्यात येतात. पत्र्याच्या शेडवर दगड आणि जुने टायर ठेवायची सवय आहे आपल्याकडं, ती सोडूनच द्या.

मग झाड. झाड किंवा फांदी वायरीला टेकलेली असेल तर तो विषय तुमचा नाहीच, हेस्कॉमवाले लाईन बंद केल्याशिवाय कुणीबी कोयता लावायचा नाही. वर अडकून लोंबकळत राहिलेली मोडकी फांदी असेल तर तिच्या खाली जायचं नाही, दोरखंड टाकून उतरवणारी माणसं असतात, वखारवाल्यांकडं विचारलं की पत्ता मिळतो, दोन पैसे जातील पण जाऊदेत. छपरावर आडवं पडलेलं झाड तर एकट्यानं मशीन घेऊन कापायचंच नाही, मधोमध बुंधा कापला की दोन्ही तुकडे लोळतात आणि शाबूत राहिलेली भिंत पण घेऊन जातात. आधी शेंड्याकडच्या हलक्या फांद्या, मग एकेक ओंडका दोर लावून.

मालकी आणि परवानगीचं पण बघा. कर्नाटकात झाड तोडायला १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, काही जातीच्या झाडांना सूट आहे. घरावर पडू घातलेलं झाड असेल तर अर्ज देताना फोटो जोडा आणि धोका काय ते स्पष्ट लिहा. पडलेलं झाड सागवान, शिसम असलं काही असेल तर ते कापून टेंपोत घालून न्यायच्या आधी वन खात्यात विचारा, वाहतुकीचा पास लागतो, बिनपासाचं लाकूड धरलं की झाड तुमच्याच परसातलं होतं हे सिद्ध करत बसावं लागतं. बेळगाव कॅम्पात राहणाऱ्यांना कॅन्टोन्मेंट बोर्डाकडं जावं लागतं.

आता ज्यांना अंगणात आडवं पडलेलं साधं झाड स्वतः कापायचंय त्यांच्यासाठी कटर मशीनबद्दल जरा नीट सांगतो, कारण आता ऑनलाईन चार-पाच हजारात पेट्रोलचं मशीन घरी येतं, सोबत येणारं पुस्तक कोण वाचत नाही आणि दुकानदार समजावून सांगत नाही. 

हे टू-स्ट्रोक असतं, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागतं. किती ते मशीनवर लिहिलेलं असतं, ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. टू-टी ऑईलच घालायचं, फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑईल घालू नका, आणि नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन चिकटून बसतो. चेनला लागणारं ऑईल वेगळं, त्याची टाकी वेगळी, दरवेळी पेट्रोल भरताना तीबी भरायची. चेनचा ताण बघायची रीत सोपी आहे, मशीन बंद, हातात जाड मोजे, बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीच्या, खालच्या बाजूला चेन लोंबकळता कामा नये आणि हातानं ओढली की सहज फिरली पाहिजे. नवीन चेन पहिल्या अर्ध्या तासात ताणते, परत कसा. धार आहे का नाही ते भुशावरून कळतं, जाडसर सालपं पडत असतील तर धार चांगली, पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबा आणि गोल कानसीनं दात घासा, बोथट चेननं दाबून कापायला गेलं की मशीन हिसका देतं.

तो हिसका म्हणजेच सगळ्यात मोठा धोका. बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कुठल्या फांदीला, भिंतीला टेकला की मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत तोंडाकडं उलटं येतं. म्हणून टोकानं कापायचं नाही, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर उभं राहून तर अजिबात नाही, आणि डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीला गुंडाळलेला पाहिजे, वर ठेवायचा नाही. पुढचा जो पट्टा असतो तो ब्रेक आहे, काही लोकांना तो नुसता हाताचा बचाव वाटतो, तो पुढं ढकलला की चेन थांबते. चालू करताना ब्रेक लावलेला, मशीन जमिनीवर, मागच्या मुठीत उजवा पाय दाबून मग दोरी ओढायची, हवेत धरून झटका मारत चालू करणं बंद करा. लुंगी नको, गळ्यात टॉवेल नको, फुलपँट, बूट, गॉगल, हेल्मेट. कानात बोळे घाला, अर्ध्या तासात कान बधिर होतात. आणि एकटं असताना चालवायचं नाही, हाकेच्या अंतरावर कोणतरी असलंच पाहिजे.

पडलेल्या झाडात ताण अडकलेला असतो हे लोकांना कळत नाही. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली असते, खालची ताणलेली, म्हणून आधी वरून तीनातला एक भाग कापायचा आणि उरलेलं खालून वर. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल तर उलट, आधी खालून थोडं, मग वरून. हे चुकलं की बार लाकडात गच्च अडकतो नाहीतर लाकूड फाटून अंगावर येतं. उतारावर असाल तर कायम वरच्या बाजूला उभं रहा. मुळासकट उपटलेलं झाड असेल तर अजून एक, बुंधा कापून वजन कमी झालं की मुळाचा तो मातीचा सगळा गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो, त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, कुत्रं बसलेलं असतं, म्हणून आधी तिथं बघा आणि कापताना कुणाला उभं करू नका.

करंटवरचं कटर घेतलंय म्हणणाऱ्यांनी, पाऊस थांबला तरी गवत ओलं असताना वापरू नका. २००० वॅटचं मशीन जवळजवळ ९ अँपिअर ओढतं, घरातली पातळ एक्स्टेन्शन वायर त्याला चालत नाही, तापून वितळते, २.५ स्क्वेअर एमएमची तीन तारांची वायर आणि मोठा प्लग पाहिजे. बॅटरीवरची छोटी एकहाती मशीनं आलीत ती मनगटाएवढ्या फांद्यांना ठीक आहेत, पण एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात तीच फांदी धरून कापतात लोक, तसं करू नका, बोटं जातात.

ढिगाऱ्यात हात घालताना आधी काठीनं हलवा, पावसानं बिळातनं बाहेर आलेली घोणस, मण्यार फांद्यात आणि कौलांच्या ढिगात बसते. चावली तर चिरायचं-बांधायचं काही नाही, हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना.

आता छप्पर. मंगलोरी कौलाचं घर असेल तर वर चढायच्या आधी आतून काय होतंय बघा, एक-दोन कौलं सरकली असतील तर स्टुलावर उभं राहून आतूनच वरचं कौल उचलून खालचं सरकवता येतं, जुनी सगळी माणसं असंच करत. चढायलाच लागलं तर ऊन पडून शेवाळ वाळू दे. शिडी १२ फूट उंच टेकत असेल तर पाया भिंतीपासून ३ फूट लांब, आणि शिडी वळचणीच्या वर तीन फूट गेलेली पाहिजे म्हणजे धरून उतरता येतं. ॲल्युमिनियमची शिडी वायरीजवळ नेऊ नका. कौलावर थेट पाय न देता फळी किंवा छोटी शिडी आडवी टाकून तिच्यावरनं जायचं, म्हणजे वजन वाशांवर जातं. 

कौल उडण्याचं कारण बहुतेक वेळा कौल नसतंच, खालची रीप कुजलेली असते नाहीतर आढ्यावरचा सिमेंट सुटलेला असतो. रीपेला बोट खुपसून बघा, मऊ लागली तर ती सगळी ओळ बदला. कौलाच्या मागं जो कान असतो त्याला भोक असतं, ते उगाच दिलेलं नाही, त्यातनं जीआय तार ओवून रीपेला बांधायची असते. सगळं छप्पर बांधायला परवडत नसेल तर वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्यालगतची ओळ एवढं तरी बांधा, वारा तिथनंच उचलतो. आढ्यावर एकास तीन सिमेंट-वाळू भरताना जुना सिमेंट पूर्ण काढून, कौल भिजवून मग भरा. आणि आता गावोगावी जुनी घरं पाडून स्लॅब घालतायत, तिथली कौलं स्वस्तात मिळतात, आपल्या कौलाचा साचा जुळतोय का बघून पंचवीस-तीस आणून ठेवा, नवीन कंपनीचं कौल जुन्यात नीट बसत नाही आणि त्या फटीतनं आयुष्यभर गळतं.

पत्र्याचं थोडं वेगळं. नागमोडी पत्र्याला हुक किंवा स्क्रू वरच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात मारला की पाणी तिथनंच वाहतं आणि गळतं. खाली रबरी वॉशर पाहिजे, तो दाबला जाईल एवढंच कसा, चपटा होऊन फाटेपर्यंत नको. खाली-वर जोड निदान ६ इंच, आजूबाजूला दीड-दोन नळ्या एकावर एक. पत्रे बसवायला सुरुवात पूर्वेकडून करा, कारण जूनपासून तीन-चार महिने वारं-पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, मग जोडाचं तोंड वाऱ्याकडं येत नाही. कणकुंबी, जांबोटीकडं ज्यांची घरं आहेत त्यांना हे सांगायला नको. कडेच्या ओळीत हुक जास्त मारा. अँगल भिंतीत नुसता ठेवलेला असतो बऱ्याच ठिकाणी, तो अँकर बोल्टनं बांधून घ्या, नाहीतर पत्रे अँगलसकट उडतात. वादळ येताना दिसलं की शेडचं वाऱ्याकडचं दार बंद करा, आत शिरलेला वारा खालनं छप्पर उचलतो. सिमेंटच्या पत्र्यावर कधीच पाय देऊ नका, जुना झाला की तो बिस्किटासारखा मोडतो आणि माणूस सरळ खाली. जुने सिमेंट पत्रे ॲसबेस्टॉसचे असतात, फोडायचे-कापायचे झाले तर पाणी मारून ओले करून, तोंडाला चांगला मास्क लावून.

स्लॅबवाल्यांनी गच्चीवरचे पाण्याचे पाईप पानांनी तुंबलेत का बघा, आणि टाकी रिकामी असेल तर वादळाच्या आधी भरा, रिकामी टाकी उडते, हजार लिटर पाणी भरलेली हलत नाही.

कागदाचं. गावात असाल तर तलाठ्याला, म्हणजे आता कागदोपत्री ग्राम आडळिताधिकारी, आणि पंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) त्याच दिवशी कळवा, फोनवर सांगून थांबू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्ज कानडीत असला की पुढं सरकायला सोपं जातं, शेजारी कॉलेजला जाणारी पोरगी-पोरगा असेल त्याच्याकडनं लिहून घ्या. सोबत आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड आणि घराचा पंचायतीतला उतारा म्हणजे फॉर्म ९-११, किंवा शहरात ई-खाता. इथंच बऱ्याच जणांचं अडतं, घर आजोबांच्या नावावर आणि वारसा नोंद नाही, म्हणून हे काम पावसाळ्याची वाट न बघता आत्ताच करून घ्या. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निधीच्या नियमात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, पक्क्या घराचं निदान १५ टक्के नुकसान असेल तर ६,५००, कच्च्या घराला ४,००० आणि गोठ्याला ३,००० असं धरलेलं होतं. दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५००. राज्य सरकार कधी कधी वर भर घालतं, २०१९ च्या ऑगस्टच्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घरांना ५ लाख दिले होते. म्हणून पंचनाम्यात तुमचं घर कुठल्या वर्गात टाकलंय ते सही करायच्या आधी वाचा, कानडी येत नसेल तर वाचून घ्या, नुकसान कमी लिहिलं असेल तर तिथंच फोटो दाखवून सांगा.

ज्यांनी बँकेचं घरकर्ज घेतलंय त्यांनी विम्याचे कागद कपाटातनं काढून बघा, कर्जाबरोबर विमा केलेला असतो आणि माणसाला माहितीच नसतं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा पॉलिसी ठेवावीच लागते, त्यात वादळ, पूर, वीज पडणं सगळं येतं. क्लेम करताना लगेच कळवायचं, सर्व्हेअर यायच्या आधी पक्की दुरुस्ती करायची नाही, पण ताडपत्री टाकून पुढचं नुकसान थांबवायचं, त्याचं बिल सांभाळायचं. फुटकी कौलं, वाकलेले पत्रे टाकून देऊ नका.

पहिला पाऊस झाला की पंधरा दिवसात परसात कमरेएवढं गवत होतं, मग गवत कापायचं मशीन बाहेर निघतं. त्याचंबी तेच, पेट्रोल-ऑईलचं प्रमाण, गॉगल, बूट. घराजवळ, दगडगोट्यात नायलॉनची दोरी लावा, पातं नको, पात्याला दगड लागला की गोळीसारखा जातो, म्हणून ५० फुटांच्या आत कुणी नको आणि उभी गाडी पण नको. आधी परसात फिरून तार, बाटल्या, काठ्या उचलून घ्या. पात्याला चीर दिसली तर वेल्डिंग करून वापरू नका, फेकून द्या. गवत गुंडाळलं की इंजिन बंद करूनच काढायचं.

आणि मशीन ठेवताना टाकीत पेट्रोल ठेवू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच भागातले साखर कारखाने ते बनवतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि खाली थर बसतो, कार्बोरेटर चोंदतो आणि आतली रबरी नळी कडक होते. टाकी रिकामी करून, आहे तेवढ्यावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मग ठेवा, आणि मिक्स केलेलं पेट्रोल एका महिन्याच्या वर वापरू नका, लागेल तेवढंच करा. कॅनवर तारीख आणि प्रमाण लिहून चिकटवा, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरात पोरं असतात.